पासहोल्डरांच्या गावात दोन दिवस: वोकिंगचा बेत

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही हॅरोला राहतो, गाडी नाही. पुण्याहून आईबाबा सहा आठवड्यांसाठी आलेत. लंडन बघून झालं. मे महिन्यात एक शनिवार-रविवार बाहेर काढायचाय. नवऱ्याचं ऑफिस वोकिंगला आहे आणि तो म्हणतो, तिथली हॉटेलं शनिवारी स्वस्त असतात. पण तिथे बघायचं काय? आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. बाबा टेल्कोतून निवृत्त झालेत. बाथ सोडून वोकिंगला जाणं वेडेपणा ठरेल का?"

ठरणार नाही. तुम्ही बाबांच्या नोकरीबद्दल ते एक वाक्य सहज लिहून गेलात, आणि मी त्याच वाक्यासाठी वोकिंगला जा म्हणेन. जमशेटजी टाटांची समाधी त्या गावाच्या वेशीवर आहे. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला बाथमधली रोमन न्हाणीघरं दाखवायची की ही, हे तुम्हीच ठरवा. मी गेली अठरा वर्षं आपल्याकडून आलेल्या पाहुण्यांच्या सहली आखून देते. त्यातल्या ज्येष्ठ मंडळींना घरी परतल्यावर राजवाडे फारसे आठवत नाहीत. आपल्याशी धागा जुळला अशी एखादी जागा मात्र पक्की लक्षात राहते.

आधी गावाचा स्वभाव समजून घ्या, कारण सगळा बेत त्यावर बेततो. वोकिंग म्हणजे लंडनची डोंबिवली म्हणा, किंवा डेक्कन क्वीनच्या पासहोल्डरांचं पुणे म्हणा. सोमवार ते शुक्रवार सकाळी अर्धं गाव वॉटर्लूच्या गाडीत उभं असतं आणि संध्याकाळी परत येतं. हॉटेलं भरतात ती कंपन्यांच्या कामासाठी आलेल्यांनी, म्हणजे सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी ती मंडळी घरी गेली की खोल्या रिकाम्या पडतात आणि दर उतरतात. बाथ, ऑक्सफर्ड, विंडसर इथे बरोब्बर उलटं असतं: शनिवारी सगळ्यांत महाग. तुमचे यजमान खरं बोलतायत. पण याची दुसरी बाजूही ऐका. शनिवार-रविवारी हे गाव सुस्तावतं. बस कमी, रेल्वेची दुरुस्तीची कामं नेमकी तेव्हाच, रविवारी स्वयंपाकघरं लवकर बंद. पर्यटकांच्या गावात तुम्ही कसेही जा, गाव तुम्हाला सांभाळून घेतं. पासहोल्डरांच्या गावात आपलं घड्याळ आपल्यालाच लावून न्यावं लागतं.

तारखेबद्दल एकच सांगते. मे महिन्यातला शेवटचा सोमवार इथे सुट्टीचा असतो, त्याला जोडून आलेला शनिवार-रविवार टाळा. त्या तीन दिवसांत रुळांची मोठी कामं काढतात आणि 'रेल रिप्लेसमेंट बस' नावाच्या प्रकरणात गुडघेदुखीच्या माणसाला बसवणं मला तरी जमणार नाही. त्याच्या आधीचा आठवडा घ्या, नाहीतर जूनचा पहिला. ऱ्होडोडेंड्रॉन तेव्हा फुललेला असतो आणि उजेड रात्री नऊपर्यंत.

आता प्रवास. हॅरो-ऑन-द-हिलवरून मेट्रोपॉलिटन लाइन घ्या, पण बेकर स्ट्रीटला गाडी बदलू नका. तिथे जिने आणि गर्दी दोन्ही आहेत. त्याच्या अलीकडे फिंचली रोडला उतरा. समोरच्याच फलाटावर ज्युबिली लाइन येते, चार पावलं टाकली की झालं. ज्युबिलीने थेट वॉटर्लू, आणि तिथे त्या लाइनच्या फलाटापासून वरपर्यंत लिफ्ट आहे. वॉटर्लूहून जलद गाडी वोकिंगला साधारण पंचवीस मिनिटांत पोचवते. घरातून निघाल्यापासून दीड तास धरा. शुक्रवारी संध्याकाळीच निघू, म्हणजे शनिवार पूर्ण मिळेल, असा विचार मनात येईल. तो काढून टाका. शुक्रवारी पाच ते सात वॉटर्लूला जे असतं ते बाबांनी दादरला पुरेसं पाहिलेलं असणार. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला घर सोडा.

तिकिटांत दोन गोष्टींकडे लक्ष द्या. तुम्ही चौघं प्रौढ आहात. तीन ते नऊ जण एकत्र प्रवास करत असतील तर गर्दीची वेळ सोडून 'ग्रुपसेव्ह' नावाची सवलत मिळते, तिकिटाचा तिसरा हिस्सा कमी. त्यासाठी कुठलंही कार्ड लागत नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि एका सहलीसाठी रेलकार्ड विकत घेऊन बसतात. दुसरी गोष्ट: 'डे रिटर्न' घेऊ नका. स्वस्त दिसतं म्हणून हात तिकडेच जातो, पण ते त्याच दिवशी परतणाऱ्यांसाठी असतं. सुरुवातीच्या काळात मी सोलापूरच्या सहा पाहुण्यांना असं तिकीट काढून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टेशनातलं दार उघडेना. परतीची सहा तिकिटं मी माझ्या खिशातून भरली आणि त्यांच्यातल्या एका काकांनी गाडीत सगळ्यांना ती गोष्ट तीन वेळा सांगितली. रात्र मुक्काम असेल तर साधं 'रिटर्न' किंवा दोन वेगवेगळी एकेरी तिकिटं, जे कमी पडेल ते. आणि लंडनचं ऑयस्टर कार्ड वोकिंगला चालत नाही, म्हणून वॉटर्लूला तिकीट हातात असल्याशिवाय गाडीत बसू नका.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या मार्गावर काम निघालंय का ते बघा, आणि शुक्रवारी रात्री पुन्हा एकदा बघा. मुख्य लाइन बंद असेल तर बेत आठवडाभर पुढे ढकला. म्हणूनच खोली घेताना शेवटपर्यंत रद्द करता येईल असाच दर घ्या. दहा-पंधरा पौंड जास्त लागले तरी चालतील.

हॉटेल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत हवं, बाकी तारे-बिरे विसरा. वोकिंगच्या मध्यवस्तीत काचेचे उंच मनोरे दिसतील, तिथली मोठी हॉटेलंही त्यातच. या मनोऱ्यांच्या कर्जापायी तिथल्या नगरपालिकेने २०२३ च्या जूनमध्ये खर्च भागत नसल्याची रीतसर नोटीस काढली. इथल्या भाषेत ती दिवाळखोरीच. तुम्हाला त्याचा उपद्रव नाही, फक्त सार्वजनिक सोयींवर फार विसंबू नका. स्वच्छतागृह दिसलं की वापरून घ्यायचं, हा आपला एसटी स्टँडवरचा नियम इथेही पाळा.

खोली घेताना फोन करून एकच प्रश्न विचारा: न्हाणीघरात टब आहे की सपाट शॉवर? फोटोत कळत नाही. इथल्या टबची भिंत गुडघ्याच्या वर येते आणि ती ओलांडून उभ्याने अंघोळ करायची असते. एका हॉटेलात माझ्या ओळखीच्या मावशींनी दोन दिवस अंघोळच केली नाही आणि लाजेने कुणाला सांगितलंही नाही. 'वॉक-इन शॉवर' असलेली खोली मागा, अपंगांसाठीची मोकळी असेल तर तीच द्या म्हणा. शक्य असेल तर छोटं स्वयंपाकघर असलेलं 'अपार्टहोटेल' घ्या, म्हणजे रात्री मऊभात आणि मेतकूट होतं. साध्या खोलीत किटलीपलीकडे काही करू नका. फोडणीच्या धुराने आगीची घंटा वाजते आणि पायजम्यातलं अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं.

आता मुख्य भाग.

शनिवारी साडेदहाला वोकिंगला उतराल. सामान हॉटेलात ठेवा (खोली दुपारनंतर मिळेल, पण सामान घेतात) आणि लगेच ब्रुकवुडला निघा. मी मुद्दाम शनिवार म्हणते, कारण रविवारी लहान स्टेशनांवरच्या गाड्यांचा भरवसा कमी, आणि अंगात ताकद असते तीही पहिल्याच दिवशी. ब्रुकवुड हे वोकिंगच्या पुढचंच स्टेशन, धिम्या गाडीने पाचेक मिनिटं. फलाटाच्या दक्षिण बाजूने बाहेर पडलात की थेट कब्रस्तानाचं फाटक.

कब्रस्तान म्हटल्यावर आई कदाचित नाक मुरडतील. त्यांना आधी गोष्ट सांगा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनमधल्या चर्चच्या आवारांत माणसं पुरायला जागा उरली नव्हती, त्यात कॉलऱ्याच्या साथी. मग एक खाजगी कंपनी निघाली, लंडन नेक्रोपोलिस कंपनी. तिने १८५२ मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला आणि वोकिंगच्या माळरानावर सुमारे २,००० एकर जमीन घेतली. १८५४ च्या नोव्हेंबरात ब्रुकवुड सुरू झालं, त्या काळी जगातलं सगळ्यांत मोठं. वॉटर्लूजवळ या कंपनीचं स्वतंत्र स्टेशन होतं आणि तिथून रोज प्रेतं आणि नातेवाईक घेऊन गाडी सुटायची. गाडीला तीन वर्ग होते, मेलेल्यांनासुद्धा. जिवंतांना परतीचं तिकीट, शवपेटीला अर्थातच एकेरी. पहिल्या वर्गाच्या पेटीला एक पौंड, तिसऱ्याच्या पेटीला अडीच शिलिंग. या गाडीचे सगळेच दर कायद्याने बांधलेले असल्यामुळे वर्षानुवर्षं वाढले नाहीत, म्हणून तिकडचे गोल्फ खेळणारे काळे कपडे घालून शोकाकुल चेहऱ्याने याच स्वस्त गाडीने जायचे असा किस्सा सांगतात. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात ते स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि गाडी कायमची बंद पडली.

गंमत अशी की आजचं वोकिंग शहर या कंपनीमुळेच उभं राहिलं. १८३८ मध्ये लंडनहून इथवर रेल्वे आली तेव्हा स्टेशन ओसाड माळावर होतं. जुनं वोकिंग गाव तिथून तीनेक किलोमीटर लांब नदीकाठी. प्रेतांसाठी घेतलेली जमीन एवढी लागेना, तेव्हा कंपनीने उरलेली घरांसाठी विकून टाकली. मेलेल्यांसाठी घेतलेल्या जागेवर आज पासहोल्डर राहतात. आई यावर नक्की हसतील.

आत दोनशे एकरांहून जास्त जागा आहे, सगळी पालथी घालायची नाही. उंचच उंच वेलिंग्टोनियाच्या झाडांच्या रांगा आहेत, खाली वाळूची भुसभुशीत जमीन आणि मुळांमुळे उंचसखल वाटा. आईंना काठी किंवा घडीची खुर्ची द्या. खाण्यापिण्याची सोय आत गृहीत धरू नका. पाणी, दशम्या, चटणी बरोबर ठेवा आणि स्वच्छतागृहाचं काम वोकिंगलाच उरकून निघा.

पारशी भाग गाठा. १८६० च्या दशकात लंडनच्या पारशी मंडळींनी ही जागा घेतली. युरोपातली त्यांची ही सगळ्यांत जुनी दफनभूमी. मुंबईत डुंगरवाडी आहे, इंग्लंडमध्ये दख्मा, म्हणजे शव उघड्यावर ठेवायचा मनोरा, बांधणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी जमिनीत किंवा दगडी समाधीत विसावा घेण्याचा मार्ग पत्करला. जमशेटजी १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत बाड नाउहाइमला वारले आणि त्यांना इथे आणलं. नागपूरची एम्प्रेस मिल उभारणारा आणि कुलाब्याला ताजमहाल हॉटेल बांधणारा माणूस. पोलाद कारखाना मात्र त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९०७ मध्ये कागदावर आला. तो उभा केला थोरल्या मुलाने, सर दोराबजींनी. ते १९३२ मध्ये गेले, तेही जर्मनीतच, आणि तेही इथेच आहेत. धाकटे सर रतन १९१८ मध्ये कॉर्नवॉलला सेंट आइव्हज इथे वारले. त्यांचीही समाधी इथे. बाबा 'रतन टाटा' वाचून चमकतील, तर सांगा की हे अलीकडचे नव्हेत. या सर रतन यांनी नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला, म्हणजे आपल्या पुण्यातल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला, वर्षानुवर्षं पैसा पुरवला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्यालाही देणगी दिली.

पुणेकराच्या मनात टाटा म्हटलं की टेल्कोबरोबर मुळशीही येते. तेही तिथे बोलून घ्या. धरणाखाली गेलेल्या गावांसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेव्हा टाटांचा कारभार याच दोराबजींच्या हातात होता. एका कुटुंबाबरोबर मी गेले होते, त्यातले आजोबा मुळशी पेट्यातले. त्यांनी नमस्कार केला आणि मग पाच मिनिटं काहीच न बोलता उभे राहिले. आम्हीही थांबलो.

जवळच शापुरजी सकलातवालांच्या अस्थी आहेत. जमशेटजींचे सख्खे भाचे, मुंबईत जन्मलेले, आणि लंडनच्या बॅटर्सीतून कम्युनिस्ट म्हणून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले. मामा भांडवलदार, भाचा कम्युनिस्ट, दोघं एका कुंपणात. बाबा टेल्कोत युनियनमध्ये असतील तर त्यांना मामांपेक्षा भाच्यापाशीच जास्त वेळ लागेल.

इथे दोन पथ्यं पाळा. ही एका समाजाची धार्मिक जागा आहे, फिरायची बाग नव्हे. कुंपणाच्या आत जाता येईल का, हे आधी आठवडाभर कब्रस्तानाच्या कार्यालयाला पत्र पाठवून विचारा. 'वडील टाटांकडे नोकरीला होते' हे लिहायला विसरू नका, तो मजकूर उपयोगी पडतो. परवानगी नसेल तर बाहेरूनही समाध्या दिसतात. आणि उदबत्ती, निरांजन काही लावू नका. फुलं ठेवायची तर तीही विचारूनच.

पाय साथ देत असतील तर मुसलमान भागात मार्माड्यूक पिकथॉल यांची कबर शोधा. कुराणाचं इंग्रजी भाषांतर करणारा हा इंग्रज १९२० ते १९२४ मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक होता. लष्करी कब्रस्तान त्याच परिसरात आहे, ब्रिटनमधलं राष्ट्रकुल सैनिकांचं सगळ्यांत मोठं. पांढऱ्या दगडांच्या रांगा बघून माणूस गप्प होतो, पण ते बरंच चालायचं काम आहे. आई दमल्या असतील तर सोडून द्या. दोन-अडीच तासांत परतीची गाडी पकडा, खोलीत दोन तास झोपा. ज्येष्ठांच्या सहलीत दुपारची झोप हा बेताचाच भाग असतो, वेळापत्रकात लिहूनच टाका.

संध्याकाळी गावात. मध्यवस्तीत सात मीटर उंचीचं तीन पायांचं धातूचं यंत्र उभं दिसेल. हे मंगळावरचे हल्लेखोर. एच. जी. वेल्स १८९५ मध्ये वोकिंगला राहायला आले, रेल्वेलाइनसमोर मेबरी रोडवर, आणि इथेच त्यांनी मंगळवासीयांच्या हल्ल्याची ती प्रसिद्ध कादंबरी, 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', लिहिली. सायकलवरून आसपास हिंडायचे आणि जी जी घरं दिसतील ती कादंबरीत उडवायचे. तिथून बेसिंगस्टोक कॅनॉलच्या काठाने फिरा. १७९४ मध्ये पूर्ण झालेला हा कालवा, काठची वाट सपाट, बदकं, अधूनमधून बाक. गुडघ्यांना याच्याइतकं सोपं काही नाही. मी तर म्हणेन, संग्रहालय वगैरे वगळा आणि इथे तासभर बसा.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका, पण 'शाकाहारी' एवढं सांगून थांबूही नका. इथे शाकाहारात अंडं चालतं, चीजमध्ये प्राणिज विरजण असू शकतं आणि बटाट्याच्या काचऱ्या मासा तळलेल्या तेलातूनच निघतात. आईंना यातलं काय चालतं ते घरीच ठरवा आणि तेवढंच वेटरला विचारा. वोकिंगला पाकिस्तानी वस्ती मोठी असल्याने मसालेदार जेवण सहज मिळतं. डाळ, भाजी, नान मिळेल, फक्त भांडी वेगळी असतील अशी अपेक्षा ठेवू नका. हॉटेलच्या न्याहारीत बीन्स, मश्रूम, टोमॅटो, बटाट्याची हॅश ब्राउन आणि टोस्ट यांवर पोट भरतं. आईंचा उपास आडवा आला तर सालीसकट भाजलेला 'जॅकेट पोटॅटो' लोण्याबरोबर मागा. साबुदाण्याची हौस फिटत नाही, पण दिवस निघतो.

रविवारी सकाळी शाहजहान मशीद. स्टेशनपासून ओरिएंटल रोडने पंधरा मिनिटं चालत. आईंसाठी टॅक्सी करा. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली इमारत, १८८९ ची. बांधली कुणी, तर हंगेरीतल्या पेस्तमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या गॉटलीब लाइटनर यांनी. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचे ते पहिले प्राचार्य. निवृत्तीनंतर त्यांनी वोकिंगला पौर्वात्य विद्यांची संस्था काढली. तिचंच नाव त्या रस्त्याला राहिलं. पैसा मुख्यतः भोपाळच्या शाहजहान बेगमांचा, म्हणून मशिदीला त्यांचं नाव. वास्तुविशारद इंग्रज. हिरवा घुमट, निळी-सोनेरी नक्षी, आणि आत शिरलात तर दिवाणखान्याएवढी छोटी. व्हिक्टोरिया राणीच्या पदरचे हिंदी नोकर, तिचा मुनशी अब्दुल करीम धरून, इथे यायचे. वेल्सच्या खिडकीतून रुळांपलीकडे ती दिसत असणार, कारण कादंबरीत मंगळवासी तिचा कळसही उडवतात. आत बघायचं तर आधी कळवून वेळ घ्या. डोक्यावर ओढणी, पायांत सहज निघणारी चप्पल किंवा बूट. बाबांच्या नाडीच्या बुटांसाठी खुर्ची मागायला लाजू नका.

मशिदीनंतर दोन वाटा आहेत. ऊन असेल तर टॅक्सीने विझ्लीची बाग, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची, २४० एकर. १९०३ मध्ये सर थॉमस हॅनबरींनी ती संस्थेला दिली. तिकीट आधी काढा, व्हीलचेअर हवी तर तीही आधी सांगा. आईंना झाडांची आवड असेल तर तिथून त्या निघायच्या नाहीत, आणि निघताना बियांची पाकिटं घेतील. ती भारतात नेता येत नाहीत हे तिथेच सांगा, विमानतळावर नको. पाऊस किंवा थकवा असेल तर हॉर्सेल कॉमनच्या कडेला असलेली छोटी शांतीबाग पुरे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या इस्पितळांत वारलेल्या मुसलमान हिंदी सैनिकांना पुरण्यासाठी १९१७ मध्ये ही चौकोनी जागा बांधली. १९६८ मध्ये कबरी ब्रुकवुडला हलवल्या. २०१५ मध्ये जागा दुरुस्त करून बाग केली, पाणी आणि हिमालयातल्या भूर्जाची २७ झाडं, तिथल्या २७ सैनिकांसाठी. अर्धा तास लागतो. दोन्ही एकाच दिवशी करू नका.

गिल्डफर्ड दहा मिनिटांवर आहे, पण तिथला मुख्य रस्ता दगडी आणि चढाचा, म्हणून आईंसाठी नाही. वेब्रिजला ब्रुकलँड्सचं संग्रहालय आहे, १९०७ ची मोटारशर्यतींची धावपट्टी आणि आत एक कॉन्कॉर्ड विमान. टेल्कोच्या माणसाला ते आवडेल यात शंका नाही. पण ते वेगळ्या दिवशी, बाबा आणि जावई दोघंच. घरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

रविवारचं जेवण दीडच्या आत घ्या आणि टेबल आधी राखा, कारण इथे 'संडे रोस्ट'ला सगळं गाव बाहेर पडतं आणि बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळी उघडतच नाहीत. मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, तेव्हा औषध किंवा दूध शनिवारीच घेऊन ठेवा. परतीची गाडी चारच्या आसपासची धरा.

परतताना डब्यात शिरलात की बाबांना उजव्या बाजूची खिडकी द्या. वोकिंग सुटल्या सुटल्या, झाडी आड आली नाही तर, तो हिरवा घुमट क्षणभर दिसतो.